रेड लाईट पॅनल घेऊन यवतेश्वर घाटातला टाइम खरंच कमी होतो का?

घाटकर_सातारा

नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे, पण पैशाचा आहे म्हणून नीट विचारतो.

मी साताऱ्याचा, वय ३६, वजन ६४ किलो. एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. सायकल बरीच वर्षं चालवतोय, गेल्या हिवाळ्यात पॉवर मीटर (पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) लावला. एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारा जोर, २४० वॅटवर येऊन अडकलाय, काही केल्या पुढं सरकत नाही. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरला चढायला चोवीस मिनिटांच्या आसपास लागतात. पाऊस लागल्यापासून घाटात धुकं एवढं असतं की समोरची गाडी अगदी जवळ आल्यावर दिसते, त्यामुळं सध्या बहुतेक राईड घरातच, ट्रेनरवर (सायकल जागेवर बसवून चालवायचं स्टँड).

आमच्या ग्रुपमधल्या एकानं पुण्याहून रेड लाईट पॅनल आणलाय. लाल आणि इन्फ्रारेड असे दोन्ही एलईडी आहेत. राईडच्या आधी वीस मिनिटं त्याच्यासमोर उभं राहायचं, मग पाय भरून येत नाहीत असं तो म्हणतो. किंमत तीस हजारांच्या घरात. सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलंय की सराव असलेल्या सायकलपटूंवर प्रयोग झालेत आणि दम टिकण्याचा वेळ चांगलाच वाढला.

मला या हिवाळ्यात ६०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राईड) करायची आहे आणि त्याआधी घाट तेवीसच्या आत आणायचाय. घरखर्चातून एवढी रक्कम काढायची तर आधी माझी खात्री पटली पाहिजे. ज्याचा सराव आधीच पक्का आहे अशा माणसाला या प्रकाशानं फरक पडतो का? कुणी वापरलंय?

आणखी एक, दर तिसऱ्या आठवड्याला मला नाईट असते. त्या आठवड्यात पायात काही म्हणजे काही राहत नाही. रिकव्हरीला पॅनल उपयोगी पडेल असं वाटलं ते त्यामुळंच.

कृष्णाकाठ_सांगली

भावा, मी जुन्या पिढीतला. सांगलीची पोरं मुंबई-पुणे रेसला जायची, बोरघाटात 'घाटाचा राजा' कोण होतोय यावर इथं चौकाचौकात चर्चा चालायची, त्या काळातला. आम्हाला घाट नव्हता. हरिपूर रोड, माधवनगर, फार तर तासगावपर्यंत. सगळं सपाट आणि समोरून वारा. तरी सांगलीची पोरं घाटात मागं राहिली नाहीत, कारण त्या वाऱ्यात रोज तासन् तास खालच्या हँडलवर वाकून चालवायची.

पॅनलसारखाच प्रकाशाचा उपचार म्हणजे फिजिओचा लेझर, त्याबद्दल माझा अनुभव एवढाच, की गुडघ्याच्या खालचा टेंडन दुखायचा तेव्हा फिजिओकडं घेतला होता. दुखणं कमी झालं. त्याबरोबर व्यायामही दिलेले होते, त्यामुळं गुण कशाचा ते मी सांगू शकत नाही. वेग वाढला असं मात्र वाटलं नाही.

इथं मिरजेच्या एक ताई लिहितात, त्या यातल्याच आहेत. त्यांनी सांगावं. आणि तोवर पैसे देऊ नकोस.

फिजिओ_मिरज

घाटकर दादा, उत्तर लांबणार आहे. हा प्रश्न घेऊन हल्ली बरेच जण येतात, पण ओपीडीच्या गर्दीत सगळं सांगून होत नाही. इथं निवांत लिहिते.

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. स्वतः सायकल चालवते, दंडोबाचा चढ माझा नेहमीचा. क्लिनिकमध्ये लेझर आहे आणि रोज वापरात आहे, तेव्हा मला या प्रकाशाचं वावडं नाही.

आधी एक घोळ दूर करू. जुन्या दवाखान्यांत लाल दिव्याचा शेक देत, अजूनही देतात. तो उष्णतेचा दिवा, त्याचं काम ऊब देणं. तुम्ही विचारताय ते फोटोबायोमॉड्युलेशन, म्हणजे प्रकाशानं पेशींच्या कामात बदल घडवणं. यात ऊब महत्त्वाची नाही, प्रकाशाची तरंगलांबी आणि मात्रा महत्त्वाची. लाल म्हणजे साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड ८१० ते ८५०, हे पट्टे सर्रास वापरले जातात. हंगेरीचे डॉ. एंद्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर मंद लेझर सोडला आणि तिथले केस लवकर उगवले, तिथून या विषयाला सुरुवात झाली. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीतला शेवटचा टप्पा. ते हा प्रकाश शोषतं, त्याला चिकटलेला नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि काम मोकळं होतं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. त्यावर अजून वाद आहे. पण कारण वादात असलं तरी परिणाम खरा असू शकतो, म्हणून परिणामाकडं बघू.

ब्राझीलमध्ये यावर खूप काम झालंय. २०१८ साली लॅनफर्डिनी आणि सहकाऱ्यांनी स्पर्धेत उतरणाऱ्या सायकलपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ८१० नॅनोमीटरचा लेझर मांडीच्या पुढच्या स्नायूंवर, वेगवेगळ्या तीन मात्रा आणि एक खोटी, म्हणजे नुसता देखावा. मग ठरलेल्या जोरावर थकून थांबेपर्यंत पेडल मारायचं. खऱ्या प्रकाशानंतर ते जास्त वेळ टिकले. तुमच्या माहितीपत्रकातला दावा अशाच प्रयोगांवर उभा असणार. आता दुसरी बाजू. २०२१ मध्ये 'फ्रंटियर्स इन फिजिऑलॉजी'त आलेल्या प्रयोगात निरोगी पुरुषांना सायकलिंगच्या ३० मिनिटं आधी प्रकाश दिला, वेगळ्या वेळी ६ तास आधी देऊन पाहिला. रक्तप्रवाहात बदल नाही, दम टिकण्याच्या वेळेत बदल नाही. शिवाय या क्षेत्रातल्या काही प्रयोगांना उपकरणं बनवणाऱ्यांचाच पैसा आहे. त्यानं प्रयोग खोटा ठरत नाही, पण वाचताना ते ध्यानात ठेवायचं.

आता जो मुद्दा माहितीपत्रकवाले कधीच सांगत नाहीत तो. 'दम टिकण्याचा वेळ' आणि 'घाटाचा टाइम' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीत दिसणारी टक्केवारी दुसरीत उतरत नाही. तुमच्याच आकड्यांवर करून दाखवते. तुमची क्रिटिकल पॉवर, म्हणजे बराच वेळ टिकवता येणारा जोर, २४० वॅट धरू आणि त्यावर जोर लावायला शरीरात असलेला राखीव साठा १८ किलोज्यूल. तुम्हाला २६५ वॅटवर बसवलं तर तुम्ही २५ वॅट वरून खर्च करताय. १८,००० भागिले २५, म्हणजे ७२० सेकंद, बरोबर बारा मिनिटं. आता कशानंही तुमची क्रिटिकल पॉवर फक्त ३ वॅटनं वाढली असं समजा. त्याच २६५ वर आता २२ वॅट खर्च होतायत. १८,००० भागिले २२ म्हणजे ८१८ सेकंद. जवळपास चौदा टक्के वाढ! छापायला किती छान आकडा. पण शरीरात बदललं काय, तर सव्वा टक्का. आणि सव्वा टक्क्यानं यवतेश्वरच्या चोवीस मिनिटांतले फार तर अठरा सेकंद जातील. तेही प्रकाश काम करतो असं मानलं तर.

अठरा सेकंद कमी नाहीत, मला मान्य आहे. पण सायकल आणि तुम्ही मिळून ७४-७५ किलो असाल. त्यातला एक किलो उतरला तरी चढावर तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच फायदा आहे, आणि तो दर चढाला मिळणार. दोन भरलेल्या बाटल्यांऐवजी एक नेली तरी पाऊण किलो गेला.

दुसरी अडचण पॅनलचीच. प्रयोगांत लेझरचा प्रोब, म्हणजे हातात धरायचं टोक, त्वचेला टेकवून, दाबून धरतात. माझ्याकडं एखादा खेळाडू येतो तेव्हा आधी मांडीवरचं तेल पुसून घेते. आपल्याकडं मॉलिश करून येणारे पुष्कळ, आणि तेलाच्या थरावर प्रकाश सांडतो. मग दोघांनी गॉगल लावायचा. पेन्सिलीनं मांडीच्या बाहेरच्या, मधल्या आणि आतल्या स्नायूवर खुणा करायच्या. एका खुणेवर प्रोब काटकोनात दाबायचा, बीप वाजेपर्यंत हलवायचा नाही, मग पुढची खूण. दाबल्यानं तिथलं रक्त बाजूला सरतं, प्रकाश परत उसळत नाही, आत जातो. मोठ्या स्नायूंना एकूण ६० ते ३०० ज्यूल, असं २०१८ च्या एका आढाव्यात सुचवलंय. आता पॅनलचा हिशेब बघा. पॅनलपासून हातभर अंतरावर उभं राहिलं आणि त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट पडतायत असं धरलं, तर दहा मिनिटांत १८ ज्यूल. मांडीचा पुढचा भाग ४०० चौरस सेंटिमीटर धरला तर झाले ७,२०० ज्यूल. शेकड्यात द्यायची मात्रा हजारांत गेली! यातलं किती परत उसळलं, किती कातडीतच मुरलं आणि किती स्नायूपर्यंत पोचलं ते घरी मोजता येत नाही. आणि या प्रकाशाचा स्वभाव असा की थोड्या मात्रेला परिणाम, जास्तीला काही नाही, कधी उलटाच. खत दुप्पट घातलं म्हणून ऊस दुप्पट येत नाही, तसं.

आपल्या कातडीचाही विचार करावा लागतो. मेलॅनिन लाल प्रकाश जास्त अडवतं, इन्फ्रारेड कमी. गडद कातडीच्या पायावर ६६० पेक्षा ८१० किंवा ८५० आत जाण्याची शक्यता जास्त. ज्या पॅनलमध्ये अर्धे दिवे लाल आहेत त्याचे अर्धे पैसे तिथंच कमी कामाचे. कंपन्या जे मिलिवॅटचे आकडे छापतात तेही पुष्कळदा सूर्यप्रकाश मोजायच्या मीटरनं मोजलेले असतात. तो मीटर अशा एलईडीला वाढवून दाखवतो.

थोडक्यात, तीस हजार घालू नका. हे माझं स्पष्ट मत.

पण मला तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची वाटली. नाईट किती ते किती? पाळ्या कोणत्या क्रमानं फिरतात? त्या आठवड्यात झोपता कधी आणि ट्रेनरवर बसता कधी? खरा प्रकाशाचा विषय तिथं आहे, असा मला दाट संशय आहे.

रँडो_कराड

ताईंचा अभ्यास मोठा आहे, पण मी वेगळं सांगतो. मी पॅनल वापरतो, राईडनंतर. दुसऱ्या दिवशी पाय हलके वाटतात, जिना उतरताना मांड्या धरत नाहीत. माझ्याकडं वॅटचे आकडे नाहीत, पण शरीर सांगतं ते खोटं कसं म्हणायचं? आणि समजा मनाचा खेळ असला तरी बिघडलं काय? सहाशेच्या बीआरएमला मनच तर लागतं. चाळीस तासांत संपवायची असते, त्यातली दुसरी पहाट निव्वळ मनावर निघते.

डोपिंगमध्ये तर येत नाही ना हे?

फिजिओ_मिरज

रँडो दादा, नाही, वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत प्रकाशोपचार नाही. निर्धास्त राहा.

तुमचा अनुभव मी खोडून काढणार नाही. दुखण्यावर आणि स्नायूच्या झिजेच्या रक्तातल्या खुणांवर, म्हणजे क्रिएटिन कायनेजवर, परिणाम दाखवणारे प्रयोग आहेत. माझ्या पेशंटमध्येही टेंडनच्या दुखण्याला मला तो उपयोगी वाटतो. पण बहुतेक प्रयोगांत प्रकाश व्यायामाच्या आधी दिलाय, पाच मिनिटांपासून काही तासांपर्यंत. तुम्ही नंतर घेता. आणि तुमच्याकडं पॅनल आहेच, तो वापरा. मी बोलतेय ते नवा विकत घेणाऱ्याशी.

'मनाचा खेळ असला तरी काय बिघडलं' यावर मात्र मी अडून बसणार. बिघडतं. तीस हजारांत चांगले टायर, बाइक फिट (सायकल अंगाला बेतून घेणं), वर्षभराचं कोचिंग, सगळं बसतं. ते बाजूला राहतं. शिवाय ज्याला दिव्यावर विश्वास बसला तो झोपेकडं दुर्लक्ष करतो, हे मी पाहिलंय.

खरंच फरक पडतो का हे बघायचं असेल तर एक सोय आहे. इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा धरला की ८५० चा दिवा फिकट जांभळट दिसतो, बरेचदा पुढच्या कॅमेऱ्यात जास्त स्पष्ट, तेवढं करून दिवे चालू आहेत याची खात्री करून घ्या. मग लाल दिवे बंद ठेवायचे आणि घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून ठरवू द्यायचं की आज पॅनलवर जाड काळा पुठ्ठा लावायचा की नाही. तुम्ही पाठ करून बसायचं, मांडी आणि पॅनलमध्ये पातळ पडदा. उबेनं ओळखू येऊ नये म्हणून अंतर थोडं जास्त. त्यानंतर ट्रेनरवर वीस मिनिटांची टाइम ट्रायल (तेवढ्या वेळात जमेल तेवढा जोर काढायचा), दर वेळी त्याच वेळेला, तोच पंखा, तेच खाणं. थकून पडेपर्यंतची टेस्ट नको, ती फार डोलते. सराव असलेल्या माणसाचीही टाइम ट्रायल दिवसागणिक एक-दोन टक्क्यांनी इकडंतिकडं होते आणि ट्रेनरची स्वतःची चूकही तेवढीच असते. त्यामुळं एकदा चांगलं गेलं म्हणजे दिवा लागू पडला असं नाही. आलटून पालटून बऱ्याचदा करावं लागेल. कुणाला चिकाटी असेल तर करा आणि इथं आकडे टाका, मी मनापासून वाचीन.

घाटकर_सातारा

ताई, चौदा टक्के आणि अठरा सेकंद हे गणित मी डबा खाताना पुन्हा कागदावर मांडलं. बरोबर येतंय. माहितीपत्रकाकडं आता वेगळ्या नजरेनं बघतोय.

तुम्ही विचारलंत ते सांगतो. नाईट रात्री ११ ते सकाळी ७. एक आठवडा फर्स्ट, मग नाईट, मग सेकंड, असं फिरतं. नाईट सुटली की कंपनीतूनच सायकलवर निघतो, घरी येऊन चहा, मग लगेच ट्रेनरवर बसतो, कारण एकदा झोपलो की राईड बुडते. नऊ-साडेनऊला झोपतो. पडद्यातून उजेड येतो, खाली शाळेच्या गाड्या, भाजीवाला. साडेबाराला जाग येते ती येतेच. संध्याकाळी परत तासभर डुलकी. त्या आठवड्यात २०० वॅटलासुद्धा हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा वर असतात. सेकंड लागली की दोन-तीन दिवसांनी हळूहळू माणसात येतो.

फिजिओ_मिरज

हेच हवं होतं.

दादा, तुमचे पाय थकलेले नाहीत, तुमचं घड्याळ चुकलेलं आहे. आणि त्याला हात घालणारा प्रकाश मांडीवर नाही, डोळ्यावर पडतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी बघण्यासाठी नसतातच. त्यांत मेलॅनॉप्सिन नावाचं रंजक असतं, ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला प्रतिसाद देतं. त्या पेशी मेंदूतल्या मुख्य घड्याळाला कळवतात की दिवस झाला. याचा शोध २००२ च्या आसपासचा, फार जुना नाही.

हा प्रकाश कधी पडतो त्यावर सगळं आहे. शरीराचं तापमान रोज एका वेळी सगळ्यात खाली जातं, नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी. त्या क्षणाच्या आधी लख्ख प्रकाश पडला तर घड्याळ मागं ढकललं जातं, म्हणजे झोप उशिरा येते. नंतर पडला तर पुढं ओढलं जातं, झोप लवकर येते. फर्स्टच्या आठवड्यात तुम्ही पाचला उठत असाल, तर तुमचा तो क्षण अडीच-तीनला. आता बघा तुम्ही काय करताय. सकाळी सात वाजता उघड्या आभाळाखालून सायकलवर घरी. पावसाळी ढग असले तरी बाहेर हजारो लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, निरभ्र आभाळात उन्हात लाखापर्यंत. तुम्ही झोपायला निघालात आणि मेंदूला नेमकं सांगताय की दिवस सुरू झाला. वर लगेच ट्रेनर, म्हणजे अंगाचं तापमानही चढवलं. मग साडेबाराला जाग येणार नाही तर काय होणार!

मी असं करीन. पाळीच्या पहिल्या भागात, अकरा ते साधारण दोन, जेवढा लख्ख उजेड मिळेल तेवढा घ्या. जेवणाची सुट्टी सगळ्यात उजळ जागी बसून घ्या. तीननंतर, कामाच्या सुरक्षिततेला बाधा येणार नाही एवढंच, जादा दिवे टाळा. सुटल्यावर गडद गॉगल. पण गॉगल लावून, झोपाळलेल्या डोळ्यांनी, हायवेच्या कडेनं सायकल चालवू नका. हे मी हात जोडून सांगते. त्या आठवड्यात कंपनीच्या बसनं किंवा कुणाच्या तरी मागं बसून या. घरी आल्यावर ट्रेनर नाही. हलकं खाऊन थेट झोप, खिडकीला काळं जाड कापड किंवा फॉइल, कानात बोळे, फोन दुसऱ्या खोलीत. राईड संध्याकाळी पाचला करा. शरीराचं तापमान तेव्हा वर असतं, बहुतेकांचा जोर सकाळपेक्षा संध्याकाळी थोडा जास्तच निघतो. त्या आठवड्यात सगळं सोपं, मधेमधे पूर्ण जोर लावायचे इंटरव्हल नाहीत. कडक सेशन सेकंडच्या आठवड्याच्या शेवटाला.

आणखी एक. फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट, असा क्रम घड्याळाला सोसतो, कारण माणसाला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. तुमचा क्रम फर्स्टवरून एकदम नाईटला उडी मारतो. सुपरवायझरशी बोलून बघा, क्रम बदलायला कुणाचा पैसा लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग लख्ख दिव्यासमोर बसून थेट वॅट वाढतील का? तसं दिसत नाही. २००० साली ओब्रायन आणि ओकॉनर यांनी सायकलिंग करतानाच वेगवेगळ्या तीव्रतेचा प्रकाश देऊन वीस मिनिटांची कामगिरी तपासली, फरक आढळला नाही. २०१२ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की लख्ख प्रकाशाचा फायदा माणसाच्या आतल्या वेळेवर अवलंबून असतो. म्हणजे प्रकाश ही रेसच्या आधी घ्यायची गोळी नाही. त्यानं झोप जागेवर येते, आणि झोप जागेवर आली की तुम्ही आधीच करत असलेला सराव अंगी लागतो. तुमचा एफटीपी अडकलाय तो दर तीन आठवड्यांतला एक आठवडा पूर्ण आणि दुसरा अर्धा वाया जातो म्हणून, असं माझं मत आहे. सहा महिन्यांचा सराव करून तुम्हाला जेमतेम तीन महिन्यांचा मिळतोय.

रँडो_कराड

हे पटलं. बीआरएमबद्दल माझ्याकडून भर. पहाटे तीन ते पाच हा वेळ सगळ्यांनाच जड जातो, आता कळलं तापमानामुळं. मी त्या वेळेच्या आधीच एखाद्या धाब्यावर अलार्म लावून वीस मिनिटं डोळे मिटतो, मग सगळ्यात उजेडाच्या टेबलावर बसून चहा. उजाडलं की गॉगल काढून ठेवतो. आजवर सवयीनं करत होतो.

घाटकर, तुला नाईटची सवय आहे म्हणून सहाशेची रात्र सोपी जाईल असं समजू नकोस. नाईटच्या आठवड्याला लागून बीआरएम घेऊच नकोस, तारीख बघून रजा टाक.

कृष्णाकाठ_सांगली

रजेचं बरोबर. आमच्यातला एक गडी गिरणीत रात्रपाळीला होता, रेसच्या आधी पंधरा दिवस दिवसपाळी मागून घ्यायचा. कुणी त्याला लक्स-बिक्स सांगितलं नव्हतं.

घाटकर_सातारा

ताई, मनापासून आभार. पॅनल रद्द. आज खिडकी मोजून काळं कापड सांगितलं. पाळीच्या क्रमाचं सुपरवायझरच्या कानावर घातलंय, अजून चार जणांची तीच तक्रार निघाली.

शेवटचे दोन प्रश्न. फर्स्टच्या आठवड्यात पहाटे पाचला उठून ट्रेनरवर बसतो तेव्हा डोळे उघडत नाहीत. त्या खोलीत एक एलईडी ट्यूब आहे, अजून एक लावली तर चालेल का, की तो दहा हजार लक्सचा लाईट बॉक्स (तोंडासमोर ठेवायचा लख्ख दिवा) घ्यायचा? आणि याचा कुणाला त्रास होऊ शकतो का? माझा धाकटा भाऊ पिंपल्सच्या गोळ्या घेतोय आणि तोही सोबत बसतो.

फिजिओ_मिरज

एक वीस वॅटची एलईडी ट्यूब एकूण साधारण दोन हजार लुमेन प्रकाश देते. दहा चौरस मीटरच्या खोलीत तो उजेड पसरला की फार तर दोनशे लक्स, आणि डोळ्याच्या पातळीला त्याहून कमी. दुसरी लावून चारशे होतील. जाग यायला मदत होईल, घड्याळ फारसं हलणार नाही. लाईट बॉक्सचे दहा हजार लक्सही कंपनी सांगते त्या अंतरावरच, बहुतेक वेळा हातभर किंवा त्याहून जवळ. ट्रेनरवर घाम गाळत तेवढ्या जवळ तोंड धरणं जमत नाही.

तुमच्याकडं गच्ची किंवा गॅलरी असेल तर पाचला ट्यूबमध्ये वॉर्मअप करा आणि उजाडल्यावर पंधरा-वीस मिनिटं ट्रेनर बाहेर, छपराखाली. ढगाळ सकाळीही खोलीच्या दसपट उजेड मिळेल. मोबाइलवर लक्स मोजायचं फुकट ॲप आहे, अचूक नसतं, पण आत आणि बाहेर यातला फरक लगेच दाखवतं. सूर्याकडं थेट बघायचं नाही.

भावाच्या गोळ्यांचं नाव बघा. डॉक्सीसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन असेल तर कातडी आणि डोळे प्रकाशाला जास्त हुळहुळे होतात. लाईट बॉक्स, लेझर, पॅनल यातलं काहीही त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, सकाळच्या साध्या उजेडाला हरकत नाही. ज्यांना रेटिनाचा आजार आहे त्यांनी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायचं. ज्यांना बायपोलरचा त्रास आहे त्यांनी लख्ख दिव्याचा उपचार मानसोपचारतज्ज्ञांना विचारूनच करायचा, त्यानं मन एकदम उसळू शकतं. आणि लेझर घरी आणून कुणीही गाठीवर, गरोदरपणात पोटावर किंवा गळ्यावर थायरॉइडच्या जागी लावायचा नाही.

पुढच्या नाईटच्या आठवड्यात २०० वॅटला ठोके किती आहेत ते लिहून ठेवा आणि आधीच्या नाईटच्या फाइलशी ताडून बघा, खोली आणि पंखा तोच ठेवून.